शेवटच्या रिळातलं नाक

खोली भाड्याने मागायला गेलो तेव्हा मालकांनी मला एकच प्रश्न विचारला.

"घोड्यावर बसता येतं का?"

मी म्हणालो, "बसता नाही येत. टोचता येतं."

मी कडावच्या जनावरांच्या दवाखान्यात बदलून आलो होतो. म्हैस, शेळी, घोडा, जे समोर येईल त्याला सुई टोचणं हे माझं काम. मालकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चालंल. आजोबांच्या घोड्याला खोकला हायच." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. आजोबा जाऊन कैक वर्षं लोटली होती आणि घोडा जेमतेम अठराचा होता, हे लक्षात यायला मला आठवडा लागला. तोवर माझं सामान वर चढलं होतं.

खाली मालकांची भाताची गिरणी, वर माझी खोली. गिरणी सुरू झाली की खोली थरथरायची. पहिल्या महिन्यात दाढी करताना मी तीनदा कापून घेतलं. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणून तर सांगतो, वस्तरा लावूच नये माणसानं."

मिशी हा त्या घरातला कायदा होता. कुठल्याशा नवसासाठी आजोबांनी आयुष्यात एकदाच मिशी उतरवली आणि त्यानंतर घराण्यात कुणीही वस्तरा मिशीपर्यंत न्यायचा नाही असं सांगून ठेवलं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसरा वारसा नाकाचा. ते नाक सरळ निघायचं, मध्यावर काहीतरी आठवल्यासारखं डावीकडे वळायचं, आणि वळणावरच मसुराएवढा तीळ. भिंतीवर आजोबांचा फोटो, शेजारी वडिलांचा, खाली खुर्चीत स्वतः मालक. तिन्ही नाकं डावीकडच्या दाराकडे बघत. त्या घरात शिरणाऱ्या माणसाला आधी नाकं भेटत, मग माणसं.

आणि तिसरा वारसा म्हणजे दरोडा.

खरा नव्हे, पडद्यावरचा. सिनेमाला वाचा फुटलेली नव्हती त्या काळात मुंबईची एक मंडळी खोपोलीच्या वर, बोरघाटात, एक मूकपट काढायला आली होती. 'घाटाचा धनी' त्याचं नाव. तोंडावर काळा मुखवटा बांधलेला एक घोडेस्वार घाटातून जाणाऱ्यांना लुटतो आणि लुटलेलं सगळं सकाळी देवळाच्या पायरीवर सापडतं. हा आहे तरी कोण, याचा शोध घ्यायला एक गोरा साहेब येतो. साहेब म्हणून उभा केलेला माणूस इकडचाच, तोंडाला तांदळाची पिठी फासलेली. घाम आला की साहेब गळ्यापासून वितळायला लागायचा. आणि एक श्रीमंत बाई असते. ती पूर्ण सिनेमात तीन वेळा लुटली जाते आणि चौथ्यांदा त्याच रस्त्याने निघते. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, त्यामुळे तिचं तोंड काही दिसत नाही.

घराण्याची हकिगत अशी की मुंबईचा नट पहिल्याच दिवशी घोड्यावरून पडला आणि पुन्हा चढेना. तेव्हा बैलगाड्या पुरवणारे आजोबा पुढे झाले, म्हणाले "आणा तो मुखवटा", आणि पुढचा सगळा सिनेमा त्यांनी ओढून नेला. मंडळी जाताना प्रेमाने एक प्रत आजोबांना देऊन गेली. वडिलांनी तिची नवी रिळं करून घेतली, मालकांनी रिळांची सीडी केली, आणि मी गेलो तेव्हा अवघा घाट, घोडा आणि दरोडेखोर एका पेनड्राइव्हमध्ये मावून मालकांच्या जानव्याला लटकत होता.

फक्त शेवटचं रीळ हरवलेलं होतं. दरोडेखोर पकडला जातो, साहेब त्याच्या मुखवट्याच्या गाठीला हात घालतो, आणि पडदा पांढरा होतो.

"त्याच्यात काय गूढ हाय?" मालक म्हणायचे. "आतमदी आजोबाच."

दर दसऱ्याला संध्याकाळी देवळासमोर हा सिनेमा दाखवला जायचा आणि मुका असल्यामुळे त्याची सगळी वाचा मालकांकडे होती. माइक हातात घेऊन ते दरोडेखोर बोलत, साहेब बोलत, घोडा बोलत. आजोबांचा घोडा दरीच्या कडेला आला की मालकांचा आवाज कापरा व्हायचा, "बघा, बघा मंडळी! ह्या वयात आमी जिना चढत नाय, आन् हा मानूस घाट उतरतोय!" त्या बाईवर मात्र त्यांचा दात होता. "आली बघा बया! चाल बघा, बैलगाडीला लाजवंल. मुंबईच्या नटीला पदर सांबाळता येत नाय, आन् दागिने किती घातलेत! हिला लुटलं नाय तर काय पूजा करायची?" यावर दरवर्षी हशा, दरवर्षी शिट्टी.

काकू, म्हणजे मालकीणबाई, बायकांच्या पुढच्या रांगेत बसून तोंडाला पदर लावून हसत. घरी मात्र त्यांचं मत वेगळं. "आजेसासऱ्यांनी येवढं दरोडं घातलं," भाकरी थापता थापता त्या मला ऐकवीत, "आन् माज्या बांगड्या आजून पितळंच्या. सगळं देवळाच्या पायरीवर ठेवून आलं ना!"

दरोडेखोराचा नातू म्हणून मालक सदैव कामावर असायचे. खिशात काळा रेशमी रुमाल. स्कूटरला आरसा नाही, कारण दरोडेखोर मागे वळून बघत नसतो. एकदा मला त्याच स्कूटरवर बसवून खोपोलीच्या पुढे घाटाच्या पायथ्याला घेऊन गेले. वर रस्त्यावरून गाड्यांची रांग सुसाट जात होती. मालक कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभे राहिले.

"हितं आता काय राम नाय, डॉक्टर," ते म्हणाले. "कोन थांबतच नाय. थांबल्याशिवाय लुटायचं कसं? पूर्वीची मानसं बगा, थांबायची, 'कोन पायजे?' म्हनून विचारायची."

साथीच्या दिवसांत सरकारने सगळ्यांना तोंड झाकायला लावलं, तेव्हाइतका आनंदी माणूस मी पाहिला नाही. "उशिरानं का होईना, आजोबांचं पटलं लोकांना!" म्हणत ते काळा रुमाल बांधून, दसऱ्याची लाकडी तलवार कमरेला लावून, घोड्यावरून कर्जतला औषधं आणायला निघाले. चौकात पोलिसाने अडवलं.

"मास्क आहे, मान्य," पोलीस म्हणाला. "तलवार कशाला?"

"मास्कला शोबावी म्हनून."

पोलिसाने हसू आवरून खिशातून फोन काढला. त्याला फोटो घ्यायचा होता. आणि घोडा जागेवर थांबला तो थांबलाच.

घोड्याचं सांगायचं राहिलं. तो माथेरानला प्रवासी फिरवून म्हातारा झालेला घोडा. आयुष्यभर त्याने एकच शिस्त पाळली होती: समोर कुणी फोन उचलून धरला की थांबायचं, मान डावीकडे वळवायची आणि फोन खाली जाईपर्यंत हलायचं नाही. दसऱ्याला मालक मुखवटा बांधून वेशीपासून देवळापर्यंत स्वारी काढत. दहा मिनिटांची वाट. पण आजकाल कुणाच्या हातात फोन नाही? स्वारीला दीड तास लागायचा. दरोडेखोर पाठीवरून तलवार हाणतोय, "चल रं, चल रं बाबा!" आणि घोडा प्रत्येक दारात मान वळवून उभा.

लगाम धरायला ठाकूरवाडीचा एक म्हातारा असे. मालकांच्याच वयाचा, वाळलेल्या लाकडासारखा, दिवसाला चार वाक्यं बोलणारा. घोड्याचा चारा, पाणी, सगळं त्याच्याकडे. ओढ्यावर नेताना तो घोड्यावर चढायचा तो उजवीकडून. मी आजवर पाहिलेले सगळे डावीकडून चढणारे. मला वाटलं, असेल वाडीची पद्धत. मालकांची हकिगत 'आणा तो मुखवटा' इथवर आली की चाऱ्याची पेंढी खाली ठेवून तो शांतपणे म्हणायचा, "घोड्याव आमचा आजा व्हता, शेट."

"तुज्या आजानं घोडा धरला आसंल," मालक म्हणायचे.

"धरला बी, बसला बी."

"पुरावा?"

म्हातारा पेंढी उचलून चालू लागायचा. पुरावा कुठला? त्याच्या आजाचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता. तो दिसायला कसा होता, हे सांगणारंही वाडीत कुणी उरलं नव्हतं.

मग पुण्याहून एका बाईंचा फोन आला. जुन्या सिनेमांची रिळं सांभाळणाऱ्या एका संस्थेत त्या काम करीत. भलत्याच नावाच्या डब्यात त्यांना 'घाटाचा धनी'चं शेवटचं रीळ सापडलं होतं. फाइल पाठवते म्हणाल्या.

मालक गिरणी बंद करून खुर्चीत बसले. मला आठवतं, गिरणी बंद झाल्यावर खोली थरथरायची थांबली आणि मालक थरथरत होते.

"डॉक्टर, आजोबांचं तोंड दिसनार."

"आधी आपण दोघं बघून घेऊ," मी म्हणालो.

ते असे उसळले की जणू मी आजोबांचं ओळखपत्र मागितलं होतं. "आजोबांची परीक्षा घ्यायची? सगळ्यांसमोर बगनार! आन् त्याच्यात आजोबा नसले..." ते थांबले. हा विचार त्यांना बहुधा पहिल्यांदाच शिवला होता. "नसले, तर पुन्हा घोड्याव बसनार नाय मी. माइक पन धरनार नाय. शब्द."

हा शब्द त्यांनी फळ्यावर लिहून गिरणीबाहेर टांगला. चार दिवसांत तो कर्जतपासून खालापूरपर्यंत सगळ्यांच्या फोनवर पोचला. ठाकूरवाडीच्या म्हाताऱ्याला मालकांनी स्वतः जाऊन सांगितलं, "पुरावा मागत व्हतो ना? ये दसऱ्याला. पुढं बस."

दसऱ्याला देवळासमोर मुंगीला जागा नव्हती. मालकांच्या सुना, पुतण्यांच्या सुना, सगळं घराणं पुढे. म्हातारा कडेला घोड्याजवळ उकिडवा. मी लॅपटॉपशी. साडेसहाला पडदा उजळला आणि मालक असे बोलले की त्या दिवशी साहेबाची वितळणारी पिठीसुद्धा बोलली. बाईची तर त्यांनी सालटी काढली. "शेवटची बगून घ्या हिची चाल! आज हिचा बी निकाल!"

मग साहेबाचा हात गाठीवर आला. इथे पडदा पांढरा व्हायचा. झाला नाही.

"आता मंडळी," मालकांचा आवाज माइकमध्ये मावेना, "आता गाठ सुटली... मुखवटा खाली आला... आन् आत हायेत आमचे..."

आत एक गुबगुबीत, कुरळ्या केसांचा, डोळ्यांत काजळ घातलेला मुंबईचा नट होता. नाक सरळ. इकडे नाही, तिकडे नाही.

देवळासमोर एवढी शांतता पसरली की घोड्याचा खोकला ऐकू आला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. माझं बोट बटणाकडे गेलं. मालकांनी माझ्याकडे न बघताच हाताने नको म्हणून खुणावलं.

पडद्यावर ती बाई धावत आली. दरोडेखोर नवरा निघाला होता की प्रियकर, देव जाणे. तिने दोन्ही हात पसरले, मान वर केली आणि पहिल्यांदाच तिचा पदर खांद्यावर घसरला. आणि पडदाभर, देवळाच्या कळसाएवढं, एक नाक उभं राहिलं. सरळ निघालं, मध्यावर काहीतरी आठवल्यासारखं डावीकडे वळलं, आणि वळणावर तीळ.

पहिल्या बोलल्या त्या काकू.

"अगं बाई! आजेसासरे!"

आणि त्या ताडकन उठल्या आणि सवयीने डोक्यावर पदर घेतला. थोरले आले की सुनेने उठायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्या उठल्या म्हणून सुना उठल्या. पुतण्यांच्या सुना उठल्या. एकीने पंजाबी ड्रेसची ओढणी घेतली. पडद्यावर नथ घातलेले, मिशी उतरवलेले आजोबा नटाच्या गळ्यात पडून मूर्च्छित होत होते, आणि खाली त्यांच्या चौदा सुना डोक्यावर पदर घेऊन अदबीने उभ्या होत्या.

आता हसू फुटणार होतं. सगळ्यांच्या घशात येऊन थांबलेलं मला ऐकू येत होतं. ते एकदा फुटलं असतं तर मालकांना कर्जत तालुका सोडावा लागला असता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडे बघत तसं, मान थोडी डावीकडे करून. मग माइक तोंडाशी नेला.

"मंडळी," ते म्हणाले, "हे आमचे आजोबा."



"सात रिळं बसलात ना? दरवर्षी बसता. मी तर जन्मभर बसलो. ओळखला एकानं तरी?" आवाज हळूहळू चढू लागला. "काळं फडकं बांदून कुनीबी तोंड लपवंल. पदराआड सख्ख्या नातवाला फसवायचं म्हंजे काम हाय! घाटाचा धनी कोन, इचारतात! अरं, सगळ्यांना लुटून गेला तो ह्यो!"

आणि ते आजोबांना, तशा अवस्थेत, वाकून नमस्कार करते झाले. टाळ्या अशा पडल्या की घोड्याने घाबरून दोन पावलं टाकली. कुणी फोन धरलेला असताना तो हललेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

"डॉक्टर, पैल्यापासून लावा," मालक म्हणाले. "चुकीचं बोललोय मी. सुदारायचं हाय."

लोक हलले नाहीत. सिनेमा पुन्हा सुरू झाला. बाई आली. "आले!" मालक गहिवरले. "चाल बगा! जड दागिने घालून येवढं डुलत चालनं, आमच्या घरात आजून एकीला जमलेलं नाय." काकूंनी मान हलवून दुजोरा दिला.

मग दरोडेखोर आला, घोड्याजवळ गेला, उजव्या बाजूने खोगिरावर झेपावला आणि निघाला. मालकांचं वाक्य अर्धवट राहिलं.

आजवर आपण त्या मुखवट्यात एकच तोंड शोधत होतो. आता ते तोंड सापडलं होतं, त्यामुळे डोळे मोकळे झाले होते.

"थांबवा," मालक म्हणाले. "शेवटचं लावा. मुखवटा निघाल्याव तो मुंबईवाला घोड्याव चढतो ते."

मी लावलं. नटाला दोघे जण उचलत होते, तिसरा पाय धरत होता, आणि तो चढत होता डावीकडून.

"पुन्हा पैलं." उजवीकडून. "तिसरं रीळ." उजवीकडून. दरीच्या कडेवरचं. उजवीकडून.

मालकांनी माइक खाली ठेवला आणि घोड्यापाशी उकिडव्या बसलेल्या म्हाताऱ्याकडे चालत गेले. माझ्यासकट सगळं गाव तिकडे वळलं. म्हाताऱ्याने अंगावरचं गवत झटकलं.

"आज्याच्या डाव्या पायाला कोयता लागलेला, ल्हानपनी, रिकिबीत जोर येईना," तो म्हणाला. "त्यानं माज्या बापाला तसंच शिकिवलं. बापानं मला." थोडं थांबून त्याने दिवसाचं चौथं वाक्य खर्च केलं. "सांगत व्हतो की, शेट."



पुढच्या वर्षी दसऱ्याआधी माझी बदली झाली, पण मी गेलो. दारात काकू रांगोळी घालत होत्या. आतून एक माणूस बाहेर आला. वरचा ओठ पांढराफटक, नाक ओळखीचं. काकूंनी मान वर केली, क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "कोन पायजे?"

"गप गं," मालक म्हणाले. "आजोबांनी काडली, मी काडली."

शब्द त्यांनी अर्धा पाळला. माइक धरला, घोड्यावर बसले नाहीत. वेशीवर म्हातारा उजवीकडून चढला. मालकांनी स्वतःचा काळा रुमाल काढून त्याच्या तोंडावर बांधला, लगाम हातात घेतला आणि स्वारी निघाली. दहा पावलांवर मालक थांबले. मागे वळून बघितलं, जे दरोडेखोर कधी करत नाही.

"काडा तो रुमाल," ते म्हणाले. त्या म्हाताऱ्याला त्यांनी आधी कधी अहो-जाहो केल्याचं मी ऐकलं नव्हतं. "तुमच्या आजाचं तोंड कुनी बगितलं नाय. तुमचं दिसू द्या."

म्हाताऱ्याने रुमाल गळ्यात ओढला. पहिल्याच दारात एका पोरीने फोन उचलला. घोडा थांबला, मान डावीकडे वळवली, आणि फोन खाली जाईपर्यंत हलला नाही. त्याच्या पाठीवर म्हातारा ताठ बसून होता.

त्या दिवशी वेशीपासून देवळापर्यंत दोन तास लागले. "चल रं" असं कुणीच म्हणालं नाही.